कोणी हरवलं, कोणाला हरवलं: इंग्रजी प्रश्नातली 'डिड'ची जागा

भोकरदन आणि जाफराबादच्या पट्ट्यात असई नावाचं लहानसं गाव आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी तिथे आर्थर वेलस्लीच्या फौजेने दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजेचा पराभव केला. याच वेलस्लीने पुढे 1815 मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. जालना जिल्ह्यातल्या कोणत्याही शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलांना ही लढाई सांगा आणि तिच्यावर इंग्रजीत दोन प्रश्न करायला लावा. पहिला: शिंद्यांना कोणी हरवलं? दुसरा: वेलस्लीने कोणाला हरवलं?

दुसरा प्रश्न बरीच मुलं नीट करतात: 'हू डिड वेलस्ली डिफीट?' पहिल्याला मात्र गाडी अडते. कोणी लिहितं 'हू डिड डिफीट शिंदे?', कोणी त्याहून पुढे जाऊन 'हू डिड डिफीटेड शिंदे?' बरोबर प्रश्न दोघांहून सोपा आहे: 'हू डिफीटेड शिंदे?' त्यात 'डिड' नाही, शब्दांची उलटापालट नाही, काही नाही. ज्या प्रश्नात 'कोण' किंवा 'काय' हा शब्द स्वतःच कर्त्याच्या जागी बसलेला असतो, त्याला इंग्रजी व्याकरणात सब्जेक्ट क्वेश्चन म्हणतात. आपण त्याला कर्त्याचा प्रश्न म्हणू. या लेखातली इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. ती आधी मोठ्याने म्हणा आणि मग वहीत इंग्रजीत लिहा. प्रश्नाची घडण कानाला लवकर कळते.

ही चूक हुशार मुलांकडून जास्त होते, आणि त्याचं कारण शिकवण्यात आहे. वर्गात फळ्यावर एक सूत्र लिहिलं जातं: आधी डब्ल्यूएच शब्द, मग हेल्पिंग व्हर्ब, मग सब्जेक्ट, मग मुख्य क्रियापद. व्हेअर डू यू लिव्ह, व्हेन डिड ही कम, व्हाय डिड शी क्राय. हे सूत्र कुठे, कधी, का, कसं या सगळ्या प्रश्नांना लागू पडतं, म्हणून मुलं ते घोकून पाठ करतात आणि सगळीकडे लावतात. मन लावून पाठ केलेला विद्यार्थी 'हू'लाही तेच लावतो. सूत्रात 'सब्जेक्ट'साठी एक रकाना आहे, पण 'शिंद्यांना कोणी हरवलं' या प्रश्नात सब्जेक्ट वेगळा कुठे आहे? 'कोणी' हाच तर सब्जेक्ट. रकाना भरायला माणूसच उरलेला नाही, तरी मुलगा 'डिड' घालून मोकळा होतो.

इंग्रजी असं का वागते, हे एकदा समजून घेतलं तर नियम पाठ करायची गरज राहत नाही. आपल्याकडे कर्ता आणि कर्म प्रत्ययावरून ओळखू येतात. 'वेलस्लीने शिंद्यांना हरवलं' म्हणा किंवा 'शिंद्यांना वेलस्लीने हरवलं' म्हणा, जिंकणारा बदलत नाही, कारण 'ने' आणि 'ना' आपापल्या शब्दाला चिकटून असतात. इंग्रजीत एके काळी असे प्रत्यय होते, ते काळाच्या ओघात गळाले. 'ही' आणि 'हिम', 'हू' आणि 'हूम' अशा मोजक्या जोड्या तेवढ्या उरल्या. मग कर्ता ओळखायचा कसा? जागेवरून. क्रियापदाच्या आधी येईल तो कर्ता, नंतर येईल ते कर्म. वाक्यातली जागा बदलली की अर्थच बदलतो, म्हणून इंग्रजी वाक्यात शब्दांना आपली जागा सोडता येत नाही.

आता प्रश्नाकडे या. इंग्रजीत प्रश्नशब्द वाक्याच्या तोंडाशी यावा लागतो. 'वेलस्लीने कोणाला हरवलं' मध्ये 'हू' हे कर्म आहे, त्याची मूळ जागा क्रियापदाच्या मागे आहे. तिथून उचलून त्याला पुढे आणलं की वाक्याची घडी विस्कटते; ती सावरायला 'डिड' कर्त्याच्या आधी येऊन उभा राहतो. पण 'शिंद्यांना कोणी हरवलं' मध्ये 'हू' कर्ता आहे, म्हणजे तो मुळातच तोंडाशी, क्रियापदाच्या आधी आहे. त्याला कुठून उचलावं लागलं नाही, कुठे ठेवावं लागलं नाही. घडी विस्कटली नाही, तर सावरायला कोणी येण्याचं कारण नाही. 'वेलस्ली डिफीटेड शिंदे' मधलं 'वेलस्ली' खोडा, तिथेच 'हू' लिहा, शेवटी प्रश्नचिन्ह द्या. प्रश्न तयार.

यातून जी रीत निघते ती माझ्या मते सगळ्या सूत्रांपेक्षा खात्रीची आहे: आधी इंग्रजीत उत्तर लिहा, मग प्रश्न. उत्तराचं पूर्ण वाक्य लिहायचं, ज्या माणसाबद्दल किंवा वस्तूबद्दल विचारायचं आहे त्याखाली रेघ ओढायची आणि बघायचं, ती रेघ क्रियापदाच्या आधी आहे की नंतर. आधी असेल तर नुसतं नाव काढून 'हू', 'व्हॉट' किंवा 'व्हिच' घालायचं आणि बाकी वाक्याला हात लावायचा नाही. नंतर असेल तरच 'डू', 'डज', 'डिड'ची कामगिरी सुरू होते.

मराठी मुलाला इथे आपल्या भाषेची मदत होते, पण ती मदत कुठे संपते तेही सांगायला हवं, कारण याच ठिकाणी पुस्तकं गप्प असतात. 'कोण' आणि 'कोणी' आलं की कर्त्याचा प्रश्न, 'कोणाला' आलं की कर्माचा, असा ढोबळ नियम बऱ्याच शिकवण्यांत देतात. 'कोण आलं', 'हू केम'. 'काच कोणी फोडली', 'हू ब्रोक द ग्लास'. 'तू कोणाला बोलावलंस', 'हू डिड यू कॉल'. इथपर्यंत नियम चालतो.

आता हे घ्या: 'मोसंबीचा रस कोणाला आवडतो?' मराठीत 'कोणाला' आहे, म्हणून नियमाप्रमाणे मुलगा 'डू' शोधायला लागतो. पण उत्तर इंग्रजीत लिहून बघा: 'सीमा लाइक्स मोसंबी ज्यूस.' सीमा क्रियापदाच्या आधी आहे. म्हणजे प्रश्न 'हू लाइक्स मोसंबी ज्यूस?' मराठीत आवडणं, माहीत असणं, हवं असणं, येणं, सुचणं, ताप असणं या क्रिया माणसाला 'ला' लावून सांगतात. इंग्रजीत तोच माणूस कर्ता होतो. 'उत्तर कोणाला माहीत आहे?' याचं 'हू नोज द आन्सर?' 'पाणी कोणाला पाहिजे?' याचं 'हू वॉन्ट्स वॉटर?' 'ताप कोणाला आहे?' याचं 'हू हॅज फीव्हर?' 'चावी कोणाकडे आहे?' याचं 'हू हॅज द की?' 'पाकीट कोणाचं हरवलं?' याचं 'हू लॉस्ट अ वॉलेट?' ला, कडे, चं, तिन्ही प्रत्यय वेगळे, पण इंग्रजीत पाचही ठिकाणी 'हू' कर्ताच आहे.

उलटी फसगतही होते. 'तुला बाजारात कोण भेटलं?' इथे 'कोण'ला प्रत्यय नाही, कर्ता असल्यासारखा दिसतो. उत्तर लिहा: 'आय मेट माय अंकल.' काका क्रियापदाच्या नंतर आले. म्हणून प्रश्न 'हू डिड यू मीट?' तसंच 'तुला कोण दिसलं?' म्हणजे 'हू डिड यू सी?' आणि 'तुला कोण आवडतं?' म्हणजे 'हू डू यू लाइक?' म्हणून मराठी वाक्याकडे बघून निकाल देऊ नका. इंग्रजी उत्तराकडे बघा.

'काय'च्या बाबतीत तर मराठी प्रत्ययाचा आधार मिळतच नाही. 'काय पडलं?' आणि 'त्याने काय पाडलं?' या दोन्हीत 'काय' तसाच राहतो. पहिल्याचं 'व्हॉट फेल?', दुसऱ्याचं 'व्हॉट डिड ही ड्रॉप?' मनाशी धरून ठेवायला एक सोपा आधार आहे: 'व्हॉट हॅपन्ड?' हा प्रश्न सिनेमा, मालिका, मोबाइल, सगळीकडून आपल्या कानावर पडत असतो आणि तिथे 'व्हॉट डिड हॅपन' असं कोणी म्हणत नाही. शंका आली की स्वतःला 'व्हॉट हॅपन्ड?' म्हणून दाखवा, कर्त्याच्या प्रश्नाचा साचा डोळ्यांसमोर येतो.

दहावी-बारावीच्या कृतिपत्रिकेची तयारी करणाऱ्यांना या विषयाचं एक खास रूप ओळखीचं असतं: वाक्यातला एक भाग अधोरेखित केलेला असतो आणि तो भाग उत्तर म्हणून येईल असा प्रश्न करायचा असतो. सरावासाठी जालन्याचंच वाक्य घेऊ. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये जालन्यात महिको ही बियाणं कंपनी स्थापन केली आणि 1998 मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. इंग्रजी वाक्य असं: 'बारवाले फाउंडेड महिको इन जालना इन 1964.' एकाच वाक्यात चार ठिकाणी रेघ ओढता येते. महिकोखाली ओढली तर 'व्हॉट डिड बारवाले फाउंड इन जालना?' जालन्याखाली ओढली तर 'व्हेअर डिड बारवाले फाउंड महिको?' 1964 खाली ओढली तर 'व्हेन डिड बारवाले फाउंड महिको?' तिन्हीत 'डिड' आला आणि 'फाउंडेड' मूळ रूपात, 'फाउंड' म्हणून परतला. हे 'फाउंड' म्हणजे स्थापन करणं. 'फाइंड'चं भूतकाळी रूप 'फाउंड' दिसायला तेच असलं तरी त्याचा इथे संबंध नाही. आता बारवाले या नावाखाली रेघ ओढा: 'हू फाउंडेड महिको इन जालना इन 1964?' मूळ वाक्यातलं एक नाव गेलं, एक 'हू' आला, आणि 'फाउंडेड' जागचा हलला नाही. चार प्रश्नांत एकाच ठिकाणी क्रियापदाने आपला भूतकाळ स्वतःजवळ ठेवला. एका वाक्यावर चारही प्रश्न ओळीने वहीत लिहून बघण्याइतका चांगला सराव दुसरा नाही.

दुसरं वाक्य दुसऱ्या जातीचं घेऊ. 'रामदास वॉज बॉर्न ॲट जांब इन 1608.' घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थांचं जन्मगाव. इथे 'वॉज' आधीच वाक्यात आहे, त्यामुळे 'डिड'चा प्रश्नच येत नाही. तरी फरक दिसतोच: 'व्हेअर वॉज रामदास बॉर्न?' मध्ये 'वॉज' कर्त्याच्या पुढे गेला, 'हू वॉज बॉर्न ॲट जांब?' मध्ये शब्दांचा क्रम मूळ वाक्याचाच राहिला. 'इज', 'हॅज', 'विल', 'कॅन' यांचंही असंच: 'हू इज टीचिंग?', 'हू हॅज टेकन माय पेन?', 'हू विल कम टुमारो?' यात चुका फारशा होत नाहीत, म्हणून यावर जास्त वेळ घालवू नका. सगळं लक्ष साध्या वर्तमानकाळाकडे आणि साध्या भूतकाळाकडे द्या. अडचण तिथेच असते.

साध्या वर्तमानकाळात एक 'एस' निसटतो, त्याच्याकडे बारीक लक्ष हवं. 'हू' कर्ता असला की क्रियापद एकवचनी घ्यायचं, उत्तरात दहा जण येणार असले तरी. वर्गात पन्नास मुलांसमोर उभं राहूनही बाई 'हू वॉन्ट्स टू गो?' असंच विचारतील, 'हू वॉन्ट' असं नाही. 'हू लिव्ज इन धिस हाउस?' विचारलं आणि आत सात माणसं राहत असली तरी 'लिव्ज'च. पण 'हाउ मेनी' आणि 'व्हिच' यांच्यापुढे नाम येतं, तेव्हा क्रियापद त्या नामाचं ऐकतं: 'हाउ मेनी स्टुडंट्स कम फ्रॉम मंठा?' इथे विद्यार्थी अनेक, म्हणून 'कम'. 'व्हिच बस गोज टू राजूर?' इथे बस एक, म्हणून 'गोज'. जालन्याच्या बसस्थानकावर राजूरच्या गणपतीला निघालेल्या परप्रांतीय पाहुण्याला मदत करताना हाच प्रश्न कानावर येईल, आणि त्याच्या जोडीचा 'व्हिच बस डू यू टेक?' हाही. पहिल्यात बस जाते, ती कर्ता. दुसऱ्यात तुम्ही बस पकडता, बस हे कर्म. दोन्ही प्रश्न 'व्हिच बस'नेच सुरू होतात, म्हणून नुसता पहिला शब्द बघून 'डू' घालायचा की नाही ते ठरवता येत नाही.

कर्त्याच्या प्रश्नात 'डिड' कधीच येत नाही, असं मात्र कोणी पाठ करू नये. नकार आला की तो येतो: 'हू डिडन्ट कम येस्टरडे?', 'हू डझन्ट नो धिस?' कारण इंग्रजीत साध्या काळातल्या क्रियापदाला 'नॉट' थेट चिकटत नाही, त्याला 'डू'चा आधार लागतो; हे विधानातही असतं, प्रश्नाशी त्याचा संबंध नाही. जोर द्यायचा असला तरीही 'डिड' येतो. समजा, सगळे जण 'मी नाही फोडली' म्हणत आहेत, मग बाई वैतागून विचारतात, 'मग फोडली तरी कोणी?' तिथे 'सो हू डिड ब्रेक इट?' बरोबर आहे, 'डिड'वर आवाज चढवून. साध्या चौकशीत तो जोर विनाकारण लागतो आणि ऐकणाऱ्याला आपण चिडलो आहोत असं वाटतं. मुलाखतीत किंवा कंपनीच्या बैठकीत 'हू डिड सेंड धिस रिपोर्ट?' म्हणणाऱ्या तरुणाच्या तोंडून नकळत हाच सूर जातो. 'हू सेंट धिस रिपोर्ट?' म्हटलं की चौकशी नम्र राहते.

उत्तर देताना 'डिड' परत भेटतो, याची मजा मुलांना दाखवावी. 'हू डिफीटेड शिंदे?' याचं आटोपशीर उत्तर 'वेलस्ली डिड.' 'हू लाइक्स मोसंबी ज्यूस?' याला हात वर करून म्हणायचं, 'आय डू.' नुसतं 'आय' म्हणून थांबलं की उत्तर अर्धवट वाटतं, आणि 'आय लाइक' हेही तितकंच अर्धवट. वर्गात हा खेळ जोडीने घेतला की दहा मिनिटांत तोंडात बसतो.

'हूम'बद्दल विचारणा नेहमी होते. 'हू' कर्म असताना औपचारिक लेखनात 'हूम' लिहितात: 'हूम डिड वेलस्ली डिफीट?' बोलताना इंग्रज-अमेरिकन बहुतेक 'हू'च म्हणतात. परीक्षेत 'हूम' लिहायला हरकत नाही, पण कर्त्याच्या जागी 'हूम' कधीही लिहू नका. 'हूम ब्रोक द ग्लास' ही चूक 'डिड' घालण्याच्या चुकीपेक्षा मोठी दिसते.

आणि दुसऱ्या वाक्याच्या पोटात प्रश्न आला की सगळा क्रम विधानासारखा होतो, कर्त्याचा असो की कर्माचा: 'टेल मी हू केम', 'टेल मी हू यू मेट'. 'टेल मी हू डिड यू मीट' नको. याचा सविस्तर विचार अप्रत्यक्ष प्रश्नांबरोबर करावा.

आता पुन्हा असईला जाऊ आणि एक पूर्ण सराव करू, कारण एखाद्या घटनेवर सलग प्रश्न करताना हे कौशल्य खरं पक्कं होतं. लढाईआधी वेलस्लीपुढे केळणा नदी आडवी होती. नदीला जवळपास उतार नाही, असं वाटाड्यांनी सांगितलं. वेलस्लीला पलीकडे आणि अलीकडे, समोरासमोरच्या काठांवर दोन गावं दिसली. इतकी जवळ गावं आहेत म्हणजे लोकांची ये-जा असणार, आणि ये-जा असेल तर उतारही असणार, असा तर्क त्याने केला. तर्क खरा निघाला आणि फौज पलीकडे गेली.

यावर विचारा: उतार नाही असं कोणी सांगितलं? उत्तर 'द गाइड्स सेड सो', प्रश्न 'हू सेड सो?' वाटाडे अनेक असले तरी भूतकाळात क्रियापदाला वचनाची चिंता नसते. वाटाड्यांनी काय सांगितलं? 'व्हॉट डिड द गाइड्स से?' दोन गावं कोणाला दिसली? मराठीत 'कोणाला', पण 'वेलस्ली सॉ टू व्हिलेजेस', म्हणून 'हू सॉ टू व्हिलेजेस?' त्याला काय दिसलं? 'व्हॉट डिड ही सी?' त्याला कशाची मदत झाली? 'टू व्हिलेजेस हेल्प्ड हिम', म्हणून 'व्हॉट हेल्प्ड हिम?' हा शेवटचा प्रश्न नीट बघा: मराठीत 'कशाची', इंग्रजीत कर्ता. नदी कोणी ओलांडली? 'हू क्रॉस्ड द रिव्हर?' त्यांनी काय ओलांडलं? 'व्हॉट डिड दे क्रॉस?' पाच वाक्यांच्या हकिकतीतून सात प्रश्न निघाले, त्यातले चार कर्त्याचे. तुमच्या गावच्या यात्रेवर, कालच्या क्रिकेटच्या सामन्यावर, घरातल्या लग्नावर असेच चार ओळी लिहून प्रश्न करा. दर वेळी एक कर्त्याचा, लगेच त्याच क्रियापदावर एक कर्माचा. अशी जोडी लावल्याशिवाय फरक अंगात मुरत नाही.

शिक्षकांना आणि घरी अभ्यास घेणाऱ्या आई-वडिलांना एक विनंती आहे. डब्ल्यूएच प्रश्नांची सुरुवात 'व्हेअर डू यू लिव्ह' या वाक्याने करू नका. पहिला आठवडा फक्त 'हू केम', 'हू वॉन', 'व्हॉट हॅपन्ड', 'हू नोज' अशा प्रश्नांना द्या. मुलं विधानातलं नाव काढून 'हू' घालतील आणि पहिल्याच दिवशी त्यांचा प्रश्न बरोबर येईल. 'डू', 'डज', 'डिड' दुसऱ्या आठवड्यात आणा, आणि फळ्यावर सूत्र लिहाल तेव्हा त्याच्या वरच्या ओळीत कर्त्याचा प्रश्न आधी लिहा.